रोझाबाईंची झाडं आणि आबाजींचा घाणा

माझ्या बाबांना खोटं बोलताच येत नाही, असं आमच्या ओळखीतले सगळे म्हणायचे. बरं नसल्याचं सांगून ऑफिसला एक दिवस दांडी मारायची म्हटलं तरी त्यांच्या कपाळावर घाम यायचा. पण एक खोटं ते इतक्या सफाईनं बोलायचे की ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आमच्या घरी कुणी नवीन मराठी कुटुंब जेवायला आलं, पानं मांडली गेली, आणि पाहुण्यांपैकी कुणी सहज विचारलं, "वहिनींचं माहेर कुठलं? वडील काय करायचे?" की आईनं तोंड उघडायच्या आत बाबा म्हणायचे, "वर्ध्याकडचं. सासरे ॲग्रो-बेस्ड इंडस्ट्रीत होते." समोरचा माणूस मान डोलवायचा, बाबा लगेच "भाजी घ्या ना अजून" म्हणायचे आणि आई आमटी वाढायला आत जायची. माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, तेली होते. जातीनं तेली आणि धंद्यानंही तेली. गावात त्यांचा घाणा होता, आणि अख्ख्या पेठेतल्या फोडण्या त्या घाण्याच्या तेलात पडत.

मी लहान असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडे जायची, तेव्हा लाकडी घाण्याचा बैल जाऊन मोटर आली होती. पण घाण्याची कुरकुर तीच होती, असं आई सांगायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती कुरकुर कानात यायची, आणि मग वास. जवसाचा वास निराळा, तिळाचा निराळा, शेंगदाण्याचा तर भूकच लावायचा. आबाजींचे हात कोपरापर्यंत कायम चकाकत असायचे. ताजी, कोमट तिळाची पेंड ते गुळाच्या खड्याबरोबर माझ्या हातावर ठेवायचे आणि मी ती खाऊन संपेपर्यंत माझ्याकडे बघत बसायचे. त्याहून चांगलं काही मी नंतर कुठं खाल्लेलं नाही, आणि खाण्यावर मी पुष्कळ पैसे उडवले आहेत.

बाबा पुण्याचे. नोकरीच्या निमित्तानं नागपूरला होते, तिथं आई भेटली, प्रेम जमलं. बाबांच्या घरच्यांनी बरीच आदळआपट करून लग्नाला होकार दिला तो एका अटीवर: मुलीच्या वडिलांच्या धंद्याची पुण्यात वाच्यता नको. बाबांनी ती अट मान्य केली. पुण्यात, आईवडिलांच्या घरात, नोकरीच्या सुरुवातीला मान्य केली, हे मी एक वेळ समजू शकते. पण चँडलर? जिथं वर्षातले निम्मे महिने गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तरी भाजतो, जिथं आमच्या गल्लीतल्या कुणाला पुणं आणि वर्धा यांतला फरक सोडा, भारत कुठं आहे हे नीट सांगता येत नव्हतं, तिथं कुणापासून लपवायचं होतं? तर आपल्याच लोकांपासून. सामान हरवलं, पासपोर्टची पानं भरली, व्हिसाच्या रांगेत केस पिकले, पण ही एक गोष्ट सगळ्यांनी इकडे येताना हातातल्या बॅगेत जपून आणली होती. तिथल्या मराठी मंडळातल्या बायका आधी सासरचं आडनाव विचारत, त्यातून काही कळलं नाही की माहेरचं विचारत, आणि तेही पुरलं नाही की "तुमच्याकडे वरणात गूळ घालतात का हो?" असं विचारत. आणि वर म्हणत, अमेरिकेत आल्यावर माणूस किती मोकळा होतो ना!

मंडळ म्हणजे तेव्हा जेमतेम चाळीसेक घरं होती. शुभाकाकू त्याच्या सर्वेसर्वा. गणपती त्यांच्या घरच्या मोठ्या हॉलमध्ये बसायचा आणि नैवेद्याच्या पुरणपोळ्या दर वर्षी माझी आई करायची. "वंदनाच्या हातची पोळी म्हणजे," असं म्हणून शुभाकाकू डोळे मिटायच्या. आईला नोकरी करायची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसाला लटकून आलेल्या बायकांना ती नसे. विज्ञानाची पदवी घेऊन ती दिवसभर एका गार, बंद घरात बसायची आणि पुरणपोळीचं कौतुक ऐकायची.

आमच्या मागच्या अंगणाला एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे रोझाबाई. नाव रोझाना, रोझाबाई हे आईनं केलं. ऐंशीच्या घरातली, काटकुळी, सतत कुणावर तरी खेकसणारी बाई. डेट्रॉइटमध्ये नवऱ्याची मोटारींच्या कारखान्यातली नोकरी संपल्यावर ती दोघं कोरड्या हवेसाठी इथं आली, नवरा वारला, ती आणि तिची ऑलिव्हची चार झाडं उरली. झाडांच्या फांद्या आमच्या बाजूला झुकलेल्या. शरद ऋतूत काळी फळं आमच्या सिमेंटच्या ओट्यावर पडायची, चिरडायची आणि जांभळे डाग पडायचे, ते कशानंही निघायचे नाहीत. बाबा वैतागायचे. गावात बहुतेक लोक या झाडांवर बहराच्या वेळी औषध फवारून घ्यायचे, म्हणजे फुलं गळतात आणि फळ धरतच नाही. डाग नाहीत, शिंका नाहीत, नुसती रुपेरी पानं. रोझाबाईला कुणी तसं सुचवलं की ती म्हणायची, "फळ नको तर प्लास्टिकचं झाड लाव!" बाबांनी एकदा नम्रपणे विषय काढला आणि पाठोपाठ नम्रपणे घरात आले.

आमच्या घरात तोपर्यंत ऑलिव्ह ऑइल म्हणजे बाळाच्या मालिशचं तेल. मेडिकलच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळायचं ते. हे लोक ते पावावर घालून खातात म्हटल्यावर मला शिसारी आली होती. पण आईनं एका सकाळी ओट्यावरचं एक फळ उचललं आणि चावलं. इतकं कडू की तिनं तिथंच थुंकलं आणि हसत सुटली. मग दुसरं उचलून बोटांत चिरडलं, अंगठ्यावर अंगठा घासला, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अगं, यात तेल आहे. भरपूर आहे." भिंतीपलीकडून रोझाबाई हे सगळं बघत होती. त्या दिवसापासून माझी आई मला त्या बंद घरात फारशी सापडली नाही.

रोझाबाईचा देश म्हणजे सान मारिनो. चारही बाजूंनी इटली आणि मध्ये एक डोंगर, एवढाच देश. आई म्हणायची, या लोकांनी मिरचीची फोडणी दिली तर परदेशात ठसका लागत असेल. त्या डोंगराच्या उतारावर रोझाबाईच्या वडिलांची झाडं होती. नोव्हेंबर उजाडायच्या सुमाराला सगळं घर झाडांवर चढायचं, खाली जाळ्या पसरायच्या, लहान दाताळ्यांनी फांद्या विंचरून फळं खाली पाडायची आणि शिळी व्हायच्या आत गिरणीत न्यायची. उशीर केला की तेलाला कुबट वास येतो. गिरणीत आपली पाळी येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही, कारण आपल्या फळांत दुसऱ्याची फळं मिसळली तर जन्मभराचं वैर. आणि तेलाची पहिली धार आली की गिरणीतली सगळ्यांत वयस्क व्यक्ती मोठ्यानं विचारायची: हे कुणाच्या हातचं? ज्यानं फळं तोडली, निवडली, आणली, त्यानं उत्तरात स्वतःचं नाव सांगायचं नाही. आपल्या बापाचं नाव आणि बापाचा धंदा सांगायचा. मग ते नाव सगळी गिरणी एकदा ओरडायची आणि भाजलेल्या पावावर ते तेल सगळ्यांनी खायचं. मी विचारलं, सगळे सगळ्यांना ओळखत असताना विचारायचं कशाला? रोझाबाई माझ्यावर खेकसली, "म्हणूनच! खोटं सांगता येत नाही म्हणून!"

पहिलं वर्ष त्या दोघींनी नुसतं शिकण्यात घालवलं. दुसऱ्या वर्षी तयारीनिशी उतरल्या. जाळ्यांऐवजी आईनं आपल्या जुन्या सुती साड्या झाडांखाली अंथरल्या. आई शिडीवर, रोझाबाई खाली खुर्चीत बसून शिव्या घालतेय, मी साड्यांवरची पानं वेचतेय. कुठलं फळ कधी तोडायचं यावरून दोघींची रोज भांडणं. रोझाबाई म्हणायची अर्धी हिरवी असतानाच तोड, तेल तिखट उतरतं. आई म्हणायची थांबा, अजून भरू द्या. आई भांडताना वऱ्हाडीत जायची आणि रोझाबाई तिच्या भाषेत, आणि गंमत म्हणजे दोघींना कळायचं. घरात बाबा तिचं वऱ्हाडी ऐकू आलं की "वंदना, नीट बोल" म्हणायचे. भिंतीपलीकडे तिला असं कुणी म्हणत नव्हतं. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळपट-जांभळे झालेले असायचे आणि ते धुवायची तिला घाई नसायची.

आता त्या शनिवारची गोष्ट. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर ऑलिव्हच्या मळ्यातली एक गिरणी होती, दुकान आणि पाव-चीज वगैरे असलेली. हंगामाच्या सुरुवातीला तिथं लोकांना गिरणी दाखवत. मंडळाची सहल तिथं न्यायची ही कल्पना बाबांचीच. त्याच शनिवारी रोझाबाईची फळंही तिथं दळायची होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचा हिशेब असा की या दोघी सकाळी लवकर काम उरकून मोकळ्या होतील. गिरणीवाल्यांनी थोडीच फळं आणणाऱ्यांसाठी ठेवलेलं छोटं यंत्र त्या दिवशी बिघडलं, पाळी दुपारवर गेली, आणि मंडळाच्या गाड्या आवारात शिरल्या तेव्हा माझी आई, अंगात माझा जुना शर्ट, डोक्याला रुमाल, क्रेटवर बसून शेवटची फळं निवडत होती. "अय्या, वंदना! तू काय इथं कामाला लागलीस की काय?" शुभाकाकू म्हणाल्या आणि सगळे हसले. बाबाही हसले. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं, आणि अजून आवडत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये यंत्राचा घरघराट चाललेला. फळं आत गेली, चिरडली गेली, हिरवट-तपकिरी लगदा बराच वेळ हळूहळू फिरत राहिला, आणि कापलेल्या गवतासारखा ओला वास शेडभर झाला. आपले लोक कागदी कपांतून दुकानातली तेलं चाखत, नाकं मुरडत, पोरांना "डोन्ट टच दॅट" म्हणत आमच्याभोवती जमा झाले. आईचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती नळीच्या तोंडाशी वाकून उभी होती. धार आली. पिवळी नव्हे, हिरवी, दाट. आईनं त्यात बोट घातलं, जिभेवर लावलं, ठसकली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखट तेलामुळं आलं असेल. मला तसं वाटलं नाही.

रोझाबाईनं पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवला. सगळे तिच्याकडे वळले. ती चेव आल्यासारखी ओरडली, "हूज हँड?" आणि मग आईकडे बोट करून, "यू! हूज डॉटर? व्हॉट डिड युवर फादर डू? टेल देम!"

आई सरळ उभी राहिली. आणि गर्दीच्या मागून, माना उंचावून बाबा म्हणाले, "हर फादर वॉज इन ॲग्रो-बेस्ड इंडस्ट्री!"

"व्हॉट इज दॅट?" रोझाबाई म्हणाली. "आय आस्क्ड हर."

पुन्हा थोडं हसू झालं. बाबा पुढे आले, आईच्या जवळ, आवाज खाली घेऊन म्हणाले, "वंदना, घरी बोलू. चल आता."

"काहून घरी?" आई म्हणाली. तिनं आवाज खाली घेतला नाही. "काहून लपवू मी? माझ्या बापानं काय चोरी केली?" मग ती सगळ्यांकडे वळली. "माझे आबाजी तेली होते. आमचा घाणा होता. मी घाण्यावर वाढले." आणि रोझाबाईसाठी पुन्हा, सावकाश, "माय फादर मेड ऑइल. हिज फादर मेड ऑइल. हिज नेम इज आबाजी."

"आबाजी!" रोझाबाई चमचा उंचावून ओरडली. गिरणीतले दोन मेक्सिकन कामगार, त्यांना ही म्हातारी ठाऊक होती, तेही ओरडले, "आबाजी!" मी ओरडले. माझा आवाज फाटला. आमच्या चाळीस घरांमधून मात्र कुणीही ओरडलं नाही. वर्ध्याजवळच्या पेठेतल्या माझ्या आजोबांच्या नावाचा ॲरिझोनाच्या एका शेडमध्ये जयजयकार झाला तो एका परक्या म्हातारीमुळं आणि दोन परक्या मजुरांमुळं, आणि आपले लोक मूग गिळून उभे. मग शुभाकाकूंनी ती शांतता भरून काढली. "अगं, मग त्यात काय झालं!" त्या गोड हसून म्हणाल्या. "आम्ही नाही बाई असलं काही मानत." कुणीही काही मानायला सांगितलं नव्हतं. रोझाबाईनं पाव पुढे केला तेव्हा बहुतेकांनी पोट भरल्याचं सांगितलं.

गाडीत बाबा एवढंच म्हणाले, "काय गरज होती?" आईनं खिडकीची काच खाली केली आणि घरापर्यंत वारा आत येऊ दिला.

त्यानंतर काही झालं नाही. हीच तर या लोकांची खुबी, की काही होत नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू कुठंतरी होऊन गेलं आणि आम्हाला नंतर कळलं. मग गणपतीच्या आधी शुभाकाकूंचा फोन. मी शेजारीच बसले होते, त्यांचा आवाज खणखणीत. "वंदना, दर वर्षी तूच किती करायचं! या वेळी पोळ्या प्रज्ञा करतेय. तू आराम कर. तू फक्त पेपर प्लेट्स आण." आई म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "तरी मी तुला सांगत होतो."

मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. इंग्रजीत बोलले एवढं आठवतं, कारण मराठीत वडिलांना तसं बोलण्याची मला सवय नव्हती. आई मला गप्प बस म्हणाली नाही. तिनं प्लेट्स आणल्या, अख्खं खोकं. गणपतीच्या दिवशी शुभाकाकूंच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि आरतीला उभी न राहता मला घेऊन घरी आली. बाबा थांबले. बाबांनी आरती म्हटली, प्रज्ञाच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि आम्ही झोपायच्या सुमारास कुणाच्या तरी गाडीतून परत आले.

पुढची काही वर्षं दर हंगामात आई आणि रोझाबाई तेल काढत राहिल्या. दिवाळीच्या अभ्यंगालाही तेच तेल. आंघोळीनंतर दिवसभर अंगाला पानांचा हिरवा वास. मग रोझाबाईच्या मुलानं तिला डेट्रॉइटला नेलं. नव्या मालकानं आल्या आल्या झाडांवर फवारणी केली, आमचा ओटा स्वच्छ राहू लागला.

आता मला केस रंगवावे लागतात आणि बाबा सत्तरीत आहेत. आबाजी जाऊन बरीच वर्षं झाली, घाणाही गेला. आणि आता लाकडी घाण्याच्या तेलाची लाट आली आहे. चँडलरच्या इंडियन स्टोअरमध्ये ते काचेच्या बाटलीत, जाड अक्षरांत 'कोल्ड प्रेस्ड' लिहून मिळतं, आणि ज्यांनी माझ्या आईच्या तेलाचा पाव खाल्ला नव्हता ते रांगा लावून घेतात. गेल्या दिवाळीत शुभाकाकू आमच्याकडे आल्या त्या अशीच एक बाटली भेट घेऊन. खूप कौतुक सांगितलं, हृदयाला चांगलं, सांध्यांना चांगलं. बाबा खुर्चीत पुढे सरसावले. "अहो, माझ्या सासऱ्यांचा घाणाच होता!" ते म्हणाले. अभिमानानं म्हणाले. "एकदम प्युअर. दर दिवाळीला पुण्याला डबा यायचा. आम्ही वर्षानुवर्षं तेच तेल वापरलंय."

मी सोफ्यावर बसले होते. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण आई फराळाचं ताट घेऊन बाहेर आली होती; तिनं ते टीपॉयवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच बोलली, अगदी साध्या आवाजात.

"डबा यायचा हे खरं. तुमच्या आईंनी तो कधी घरात घेतला नाही. जिन्याखाली ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोलकरणीला द्यायच्या. आपण पुण्यात होतो ती सगळी वर्षं तुम्ही तिथंच असायचात." मग ती शुभाकाकूंकडे वळली, जणू एखादी पाककृती सांगतेय. "आबाजी दर वर्षी फोनवर विचारायचे, जावईबापूंना तेल आवडलं का? मी म्हणायची, खूप आवडलं. ते गेले तोपर्यंत मी हेच म्हणत होते."

शुभाकाकूंनी चकली उचलली आणि हातातच ठेवली. बाबांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, टीपॉयवरची बाटली उचलली आणि तिच्यावरचं लेबल वाचायला लागले. वाचतच राहिले. मी उठले आणि त्यांच्या हातातून ती बाटली काढून घेतली, तेव्हा कुठं त्यांनी आईकडे बघितलं.